ओव्हर देताना

परळ-लालबागच्या चाळींत नर्स म्हणजे नवल नाही. केईएम, वाडिया, टाटा, गांधी हॉस्पिटल, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. मजल्यागणिक एखादी सिस्टर, एखादी आयाबाई, नाहीतर एखादा वॉर्डबॉय निघतोच. प्रेशर बघून दे, इंजेक्शन टोच, केसपेपरवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचून सांग, अशी कामं दारात चालत येतात आणि ती कुणी नाकारत नाही. मी पालिकेच्या रुग्णालयातली कायम नोकरी सोडून दक्षिण सुदानला निघाले, तेव्हा मात्र सगळा मजला गोळा झाला. शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “सौदीला का नाही गं? चार पैसे तरी गाठीला लागतील.” सौदी, कुवेत, दुबई त्यांना ठाऊक होतं. मदतकार्य ही नेमकी कसली नोकरी, पगार मिळतो का, मिळत असेल तर मग ती मदत कशी, हे त्यांचे प्रश्न रास्तच होते. पगार मिळतो. माझा पगार आखातातल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी होता, आणि करार संपला की तोही संपायचा. आईने फक्त एवढंच विचारलं, “पेन्शनचं काय?”

त्या प्रश्नामागे १९८२ साल होतं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचं फाटक पुन्हा आत घ्यायला उघडलंच नाही. माझे बाबा त्यांतले. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, तरी मदतीच्या धान्याची रांग मला आठवते. आई कापडी पिशवी घडी करून पदराखाली धरायची आणि घरी परतताना हमरस्ता टाळून मागच्या गल्लीने यायची. ज्वारी मिळाली याचा तिला आनंद होता, पण रांगेत आपल्याला कोण बघतंय याची धास्ती त्या आनंदाहून मोठी होती. पुढे मी रांगेच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले, तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग याच आठवणीचा झाला. नर्सिंगच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली. मी गेले त्यानंतर. राजधानी जुबाहून लहान विमानाने मुरमाच्या धावपट्टीवर उतरायचं. पावसाळ्यात ती धावपट्टी चिखलात गेली की विमान बंद, म्हणजे औषधं, डिझेल, बदलीची माणसं सगळंच बंद. जमीन काळी, चिकण. पहिल्या पावसानंतर गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. राहायला गवताने शाकारलेल्या मातीच्या झोपड्या, तुकूल. वॉकीटॉकी कायम कमरेला, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी रेडिओ रूममधून प्रत्येकाच्या नावाने हाक येई. तिला उत्तर द्यायचंच. अंधार पडल्यावर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

इथे लोक मला धाडसाबद्दल विचारतात. मी त्यांना मोजणीबद्दल सांगते, कारण दिवसाचा मोठा भाग मोजण्यात जायचा. लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ २ ते ८ अंशांच्या दरम्यान आहे का, सलाईनच्या बाटल्या किती उरल्या, काल रात्री किती मुलं दाखल झाली, खाटा किती, एका खाटेवर किती. मोजलं नाही तर मागवता येत नाही, आणि आज मागवलेला माल कधी पोचेल हे पावसाच्या हातात. मुंबईत आमच्या सिस्टर-इन्चार्ज इन्व्हेंटरी जुळल्याशिवाय कुणाला ड्युटीवरून सोडत नसत. एक कात्री कमी भरली तरी सगळा वॉर्ड शोधायचा. त्यांचा हा आग्रह किती मोलाचा होता ते मला आफ्रिकेत पटलं.

माझं काम कुपोषित मुलांच्या वॉर्डात होतं. आई मूल घेऊन येते. मुलाच्या दंडाला एक अरुंद पट्टी गुंडाळायची. पट्टीतल्या खिडकीत १२५ मिलिमीटरच्या वर आकडा दिसला तर हिरवा रंग, त्याखाली पिवळा, ११५ च्या खाली लाल. लाल पट्टीत येणारा दंड फारच बारीक असे. मग भुकेची परीक्षा. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घोटून केलेल्या लगद्याची ९२ ग्रॅमची पुडी असते, एका पुडीत ५०० कॅलरी. चव शेंगदाण्याच्या लाडवासारखी. पहिल्या आठवड्यातली एक परीक्षा मी विसरणार नाही. मूल तोंड फिरवत होतं, आई घाबरून पुडी त्याच्या ओठांवर दाबत होती, मी समजावत होते आणि दुभाषी माझं बोलणं तिच्या भाषेत सांगत होता. आमचा तिथला नर्स जवळ आला आणि काही न बोलता जमिनीवर बसला. त्याने पुडीचा कोपरा फाडला, थोडा लगदा आईच्या बोटावर ठेवला आणि तिलाच चाखायला सांगितलं. तिने चाखलं. मग तेच बोट मुलाने चोखलं. दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले. अर्धी पुडी संपली तेव्हा त्या नर्सने उठून रजिस्टरमध्ये नोंद केली.

ज्या मुलाला ती पुडीही जात नाही त्याला दाखल करून पातळ दूध द्यायचं. त्याला एफ-७५ म्हणतात, कारण १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वजनाप्रमाणे मोजून. आयांना हे पटत नसे. मूल उपाशी आहे, समोर दूध आहे आणि ही परदेशी बाई पेला भरत नाही! त्यांचा राग मला समजायचा. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात हृदय, मूत्रपिंड, आतडं सगळं मंदावलेलं असतं. एकदम पोटभर दिलं तर क्षारांचं प्रमाण ढासळतं, हृदयावर ताण येतो आणि मूल जेवणानेच दगावू शकतं. सूज उतरली, भूक परत आली की मग जास्त ताकदीचं दूध, मग पुडी, मग घर. हे सगळं आयांना माझ्यापेक्षा आधी दाखल झालेल्या मुलाची आई चांगलं समजावायची. म्हणून नवीन बाईची खाट मी मुद्दाम चार दिवस जुन्या बाईशेजारी लावायचे.

रांगेचंही तसंच. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून बायका उन्हात उभ्या असत. मी गेल्यावर पहिली मागणी केली ती सावलीची, बसायच्या बाकांची आणि पिण्याच्या पाण्याची. महिन्याच्या अहवालात सावलीसाठी रकाना नसतो. तरी ती मिळाली, कारण आमच्या सुताराला तिचं महत्त्व माझ्याहून जास्त माहीत होतं. त्याची बायको त्याच रांगेत उभी राहिलेली होती.

परक्या देशातून आलेल्या माणसाची सुई दंडात का घ्यावी, हा प्रश्न आमच्या परळलाही एकदा पडला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन त्याच वर्षी इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी ती घेतली. शहर मात्र बिथरलेलं होतं. सरकारी माणसं घरात घुसून रोगी शोधत होती, बायकामाणसांना बाहेर काढत होती, लोक गाठोडी बांधून गावाकडे पळत होते. अशा वेळी आगाखानांनी आपल्या समाजासमोर स्वतः लस घेतली, एकदा नाही, अनेकदा, आणि त्यांच्या माणसांचा धीर वाढला. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. त्याच संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे. तिच्या कुंपणाबाहेरून मी वर्षानुवर्षं ड्युटीला गेले. गोवराच्या लसीची मोहीम घेऊन एका वस्तीत गेलो, तेव्हा ही गोष्ट मला आठवली. तिथे सकाळभर एकही मूल पुढे आलं नाही. आमच्या पथकातल्या स्थानिक बाईने जाऊन गावच्या प्रमुखाच्या म्हाताऱ्या आईला गाठलं. म्हातारी आपल्या दोन नातवंडांना हाताला धरून घेऊन आली आणि टेबलाशेजारीच बसून राहिली. दुपारपर्यंत लसींचा डबा रिकामा झाला. मी त्या दिवशी सिरिंजा भरल्या आणि नोंदी केल्या. मोहीम त्या दोघींनी केली.

औषधांच्या खोक्यांवर मुंबई, ठाणे, गोवा, गुजरात असे पत्ते वाचायला मिळायचे आणि बरं वाटायचं. त्यातही एचआयव्हीच्या गोळ्यांपाशी मी थांबायचे. मी नवी नवी नर्स असताना एड्सचे रुग्ण वॉर्डात यायचे आणि आमच्याकडे त्यांना द्यायला सलाईन, जंतुसंसर्गावरची औषधं आणि दोन शब्द यापलीकडे काही नसायचं. तिहेरी औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई सेंट्रलच्या सिप्ला कंपनीने तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केली आणि जगभरचा भाव कोसळायला सुरुवात झाली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांतून ती फुकट मिळू लागली. आफ्रिकेतल्या एका मातीच्या खोलीत बसून एखाद्या आईच्या हातात त्या गोळ्या ठेवताना मला १९९९ सालच्या आमच्या वॉर्डातले चेहरे दिसायचे. मदत म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे विमानातून उतरणारे डॉक्टर-नर्स येतात. माझ्या मते त्या एका किमतीने जेवढे जीव वाचवले तेवढे आमच्यासारख्या पथकांना जन्मभरात वाचवता आले नसते.

तिथलं जेवण म्हणजे ज्वारीची आंबवलेली पातळ पोळी, डाळ, कधी बकऱ्याचं मांस. मी लालबागच्या मिरची गल्लीतून दळून आणलेला मालवणी मसाला बरणीत भरून नेला होता. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा त्या खोकल्या. नंतर बरणी त्यांच्याच ताब्यात गेली, आणि सुट्टीवर निघाले की मसाल्याची यादी त्या माझ्याआधी तयार ठेवायच्या. मुलं मला ‘खवाजा’, म्हणजे परदेशी, म्हणून हाक मारत, गोऱ्या सहकाऱ्यांना मारत तशीच. भारतीय म्हटलं की मोठ्या माणसांना संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणातले आमचे जवान आठवत. त्यातले पाच जण एप्रिल २०१३ मध्ये तिथे मारले गेले, हे तिथल्या लोकांच्या लक्षात होतं.

आता डॉ. कोटणीसांबद्दल. परळच्या कुठल्याही वैद्यकीय माणसाला परदेशी मदतकार्य म्हटलं की तेच आठवतात, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, शिकले आमच्या जी. एस. मेडिकलमध्ये. जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. कोटणीस चिनी शिकले, आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, आणि १९४१ मध्ये नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. बेथून हे कॅनडाचे शल्यविशारद, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १९३९ मध्ये गेलेले. त्याच रुग्णालयात नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी कोटणीसांचं लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. चौघे परत आले, एक आला नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला तो परळच्याच राजकमल स्टुडिओतून. त्यांच्या कॉलेजपासून चालत जाता येईल इतका तो जवळ.

आपण कोटणीसांना मानतो, कारण ते तिथे राहिले. पण माझ्यासारखी शेकडो माणसं राहत नाहीत. आमच्याकडे परतीचं तिकीट असतं, म्हातारी आई असते, विमा असतो, आणि गोळीबार जवळ आला तर न्यायला विमान येतं. ते लपवण्यात अर्थ नाही आणि त्याची लाज बाळगूनही रुग्णाला काही मिळत नाही. ज्याला जायचंच आहे त्याने पहिल्या दिवसापासून जाण्याच्या तयारीने काम करावं, असं माझं ठाम मत झालं आहे. आपण गेल्यावर वॉर्ड अडता कामा नये.

हे मत एका दुपारी पक्कं झालं. दोन दिवस दूरवर तोफांचे आवाज येत होते. सकाळी रेडिओवर सांगितलं, परदेशी कर्मचाऱ्यांनी एक पिशवी भरून तयार राहावं. विमान दुपारी उतरणार होतं. विमानात जागा होत्या त्या आमच्या. तिथले कर्मचारी त्याच गावचे, त्यांची बायकामुलं तिथेच, त्यांना नेण्याचा प्रश्नच कागदावर नव्हता. मी वॉर्डात गेले आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, द्यायला सुरुवात केली, केईएमच्या वॉर्डात शिकले तशीच, खाटेमागून खाट. हे मूल ऑक्सिजनवर, याला सहा वाजता अँटिबायोटिक, याची सूज कालपेक्षा कमी, हिच्या आईला स्वतःला ताप आहे. औषधांच्या खोलीच्या किल्ल्या, शिल्लक डिझेल, फ्रिज बंद पडला तर लसी कुठे हलवायच्या. समोर तोच नर्स, पुडी बोटावर ठेवणारा. त्याने प्रत्येक खाटेपाशी ऐकलं, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं, शेवटी रजिस्टरमध्ये वेळ घालून सही केली. मग म्हणाला, “सिस्टर, आता गाडीकडे जा, ड्रायव्हरलाही घरी परतायचं आहे.”

परत जायला मला काही आठवडे लागले. पोचल्यावर मी आधी रजिस्टर उघडलं. दर तीन तासांच्या दुधाची नोंद, रात्री बारा, तीन, सहा, एकही रकाना रिकामा नव्हता. दोनच हस्ताक्षरं होती, त्याचं आणि रात्रपाळीच्या सहायक बाईचं. काही पानांवर मेणाचे डाग होते, कारण डिझेल संपल्यावर त्यांनी मेणबत्तीवर दूध मोजलं होतं. त्या दिवसांत दोन मुलं गेली होती. त्यांच्या नावांपुढे वेळ आणि कारण नीट लिहिलेलं होतं. बाकीची घरी गेली होती, वजन वाढवून.

१९ ऑगस्टला जगभर मानवतावादी मदतकर्त्यांचा दिवस पाळतात. २००३ मध्ये त्या तारखेला बगदादच्या कॅनाल हॉटेलातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर स्फोट झाला आणि २२ जण मारले गेले. त्या दिवशी परदेशी मदतकर्त्यांचे फोटो फिरतात. पण मदतकार्यात दरवर्षी जे मारले जातात त्यांत बहुसंख्य त्याच देशाचे असतात. ड्रायव्हर, पहारेकरी, नर्स, लस टोचणाऱ्या बाया. त्यांचा पगार आमच्याहून कमी, विमा आमच्याहून कमी, आणि अहवालाखाली सही आमची. हे बदलायला हवं, हे मी प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे आणि पुढेही बोलणार आहे.

आता मी पुन्हा परळला आहे, खासगी नर्सिंग शाळेत शिकवते. दादर-गिरगावच्या मुली वर्ग सुटल्यावर विचारतात, बाई, आम्हीही जाऊ का? मी जा म्हणते. आधी एखाद्या मोठ्या सरकारी वॉर्डात चार-पाच वर्षं काढ, रात्रपाळीत एकटीने पन्नास खाटा सांभाळ, स्टॉक घ्यायला शीक, ओव्हर द्यायला शीक. इंग्रजी आणि फ्रेंचचं नंतर बघू.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थोपवली आणि १ जुलैला त्यांची मदतसंस्था बंदच झाली. जगभरच्या दवाखान्यांचा पैसा आटला. आमचा तो नर्स आता जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात आहे, पगार कधी येतो कधी नाही. व्हॉट्सॲपवर त्याचे निरोप येतात, नेटवर्क मिळेल तेव्हा, चार-चार एकदम. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं की एफ-७५ ची तयार पाकिटं संपत आली आहेत, बाजारात दूध पावडर मिळते, काय करू? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकातलं प्रमाण मी त्याला पाठवलं. साय काढलेल्या दुधाची पावडर २५ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, धान्याचं पीठ ३५ ग्रॅम, तेल ३० मिलिलिटर, क्षारांचं द्रावण २० मिलिलिटर, पाणी घालून एक लिटर, आणि चार मिनिटं उकळायचं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. क्षारांच्या द्रावणाच्या बाटल्या शिल्लक आहेत, पण पीठ फक्त ज्वारीचं आहे, चालेल का. मी लिहिलं, चालेल, बारीक चाळून घे, आधी थोड्या गार पाण्यात कालव म्हणजे गुठळ्या होणार नाहीत.